सहापैकी एक टर्न : खेळांतील थकव्याचा पन्नास वर्षांचा इतिहास

१९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावातून तीन लहान पुस्तिकांचा एक संच विक्रीस आला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती. लेखक दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. आज संगणकावर आणि मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेमची वंशावळ शोधत गेले की बहुतेक वेळा वाट याच संचापाशी येऊन थांबते. यातील तिसऱ्या पुस्तिकेत भुयारात उतरलेल्या मंडळींच्या हालचालीचे नियम आहेत. भुयारातला काळ दहा-दहा मिनिटांच्या ‘टर्न’मध्ये मोजायचा आणि दर सहा टर्नांपैकी एक टर्न अजिबात न हलता विश्रांतीत काढायचा. पाठलाग किंवा पळापळ झाली असेल, तर विश्रांती दुप्पट.

काळाच्या ओघात हा नियम मुख्य प्रवाहातून गळून पडला. विश्रांती मात्र गळाली नाही. ती रूप बदलत राहिली, आणि प्रत्येक रूपाबरोबर तोच वाद नव्याने उभा राहिला: पात्राला थकवा येणे आणि त्याने झोपणे हे नियमाने बांधावे, की ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडावे? वरवर पाहता हा छंदिष्टांचा घरगुती वाद आहे. परंतु एखाद्या प्रतिकृतीतून कोणते पद काढून टाकले तरी चालते आणि कोणते काढल्यास सारी प्रतिकृतीच निरर्थक होते, हा विज्ञानातला जुना प्रश्न त्यात दडलेला आहे. पुढे तर तो एका मोठ्या देशाच्या सरकारी धोरणाचाही विषय झाला.

थकव्याचा नियम गायगॅक्स यांच्याकडे युद्धखेळांतून आला. १९७१ साली त्यांनी आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ हा मध्ययुगीन लढायांचा नियमसंच प्रसिद्ध केला होता. त्यात सलग कूच, चढाई आणि हातघाई करणाऱ्या तुकड्या थकत आणि विश्रांती मिळेपर्यंत त्यांची लढण्याची ताकद घटत असे. सेनापतीच्या दृष्टीने थकवा म्हणजे राखीव फौज केव्हा बाहेर काढायची याचा हिशेब. हा हिशेब तुकडीकडून एकट्या माणसाकडे आला, तेव्हा त्याचा अर्थ बदलला.

अर्थ कसा बदलला, ते थोड्या गणितावरून दिसते. १९७४ च्या नियमांनुसार प्रत्येक टर्नच्या शेवटी सूत्रधार सहा बाजूंचा फासा टाकी. सहा पडले की भटका राक्षस समोर येई. म्हणजे एका टर्नमध्ये काहीच न घडण्याची शक्यता पाच-षष्ठांश, आणि तासाभरात काहीच न घडण्याची शक्यता त्याच संख्येचा सहावा घात, साधारण ३३ टक्के. विश्रांतीचा टर्नही या हिशेबातून सुटत नसे. बसून राहिले तरी फासा पडणारच. १९८१ च्या ‘बेसिक’ आवृत्तीत एक मशाल सहा टर्न जळते, म्हणजे तिचाही सहावा भाग विश्रांतीत खर्च होतो. आणि विश्रांती टाळली, तर ती घेईपर्यंत वार करताना व जखम मोजताना एक गुण वजा होतो. थकवा, उजेड आणि धोका ही तीन घड्याळे एकाच किल्लीने फिरत. त्यांतले एक बंद केले, तर उरलेल्या दोन घड्याळांचे काटे काय दाखवतात ते कोणालाच कळणार नाही.

जादूच्या बाबतीत हे अधिक ठळक झाले. गायगॅक्स यांनी मंत्रांची कल्पना जॅक व्हान्स यांच्या १९५० च्या ‘द डायिंग अर्थ’ या पुस्तकावरून घेतली. जादूगार मंत्र पाठ करतो, एकदा उच्चारतो आणि तो त्याच्या स्मृतीतून पुसला जातो. १९७९ च्या प्रगत आवृत्तीत मंत्र परत मिळवायचा, तर अगदी खालच्या पातळ्यांसाठीही आधी चार तासांची विश्रांती आणि मग मंत्राच्या पातळीमागे पंधरा मिनिटांचे पाठांतर लागे. जखमा भरण्याचा वेग त्याहून मंद होता: दिवसाला एक गुण. मात्र सलग चार आठवडे विश्रांती घेतली, की कितीही घायाळ पात्र पूर्ण बरे होई. याच ग्रंथात गायगॅक्स यांनी सूत्रधारांना बजावले आहे की, काळाची काटेकोर नोंद ठेवली नाही, तर मोहिमेला अर्थच उरत नाही. त्यांचा सूर करडा आहे, पण तर्क बिनचूक आहे. ज्या खेळात शक्ती काळाच्या बदल्यात मिळते, तिथे काळ फुकट करणे म्हणजे शक्ती फुकट वाटणे.

येथे खेळ क्षणभर बाजूला ठेवून प्रयोगशाळेत डोकावणे आवश्यक आहे, कारण थकवा ही मोजता येणारी राशी आहे ही कल्पनाच मुळात फार जुनी नाही. इटलीतील तुरिन येथील शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोसो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘एर्गोग्राफ’ हे उपकरण वापरात आणले. हात पट्ट्यांनी जखडायचा, मधल्या बोटाने दोरीला टांगलेले वजन ठरावीक तालात उचलत राहायचे आणि प्रत्येक उचल काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघेच्या रूपात उमटू द्यायची. रेघा आखूड होत होत शेवटी नाहीशा होतात, तो थकव्याचा आलेख. मोसोंचे ‘ला फातिका’ हे पुस्तक १८९१ साली आले. त्यांचे सहकारी माज्जोरा यांना आढळलेली एक गोष्ट खेळ रचणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावावी अशी आहे. तीस वेळा वजन उचलून पूर्ण दमलेल्या स्नायूला पूर्ववत होण्यास सुमारे दोन तास लागतात. पण पंधराव्या उचलीलाच थांबले, तर एक तास नव्हे, अर्धा तास पुरतो. काम निम्मे, विश्रांती मात्र एक-चतुर्थांश. थकवा सरळ रेषेत वाढत नाही. शेवटच्या टप्प्यातील श्रमाची किंमत सर्वांत महाग पडते.

याच सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस विद्युत्-लहरी ओळखणाऱ्या ग्राहकांवर काम करीत होते. सतत वापराने ग्राहकाची संवेदनशीलता मंदावते आणि काही काळ तो तसाच ठेवला की ती परत येते, हे त्यांच्या लक्षात आले. १० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी धातू आणि सजीव ऊती यांच्या प्रतिसादांचे आलेख शेजारीशेजारी मांडले. पुढच्या वर्षी ‘रिस्पॉन्स इन द लिव्हिंग अँड नॉन-लिव्हिंग’ हा ग्रंथ आला. सजीव-निर्जीवाची सीमारेषाच पुसट आहे या त्यांच्या निष्कर्षावर तत्कालीन शरीरशास्त्रज्ञ तुटून पडले आणि त्या व्यापक रूपात तो टिकलाही नाही. परंतु थकवा म्हणजे मनाची तक्रार नसून उद्दीपनाच्या इतिहासावर अवलंबून असलेली अवस्था आहे, हे त्या आलेखांत स्वच्छ दिसते.

धातूंच्या थकव्याचा दुसराही एक प्रकार आहे. जर्मन अभियंता आउगुस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या आसांवर केलेल्या चाचण्यांतून तो पुढे आला. हा थकवा विश्रांतीने जात नाही. सूक्ष्म भेगा साचत जातात आणि एके दिवशी आस मोडतो. खेळांनी नकळत हे दोन्ही प्रकार उचलले आहेत. योद्धा झोपला की ताजातवाना होतो. झिजलेल्या तलवारीला मात्र कितीही वेळ म्यानात निजवले तरी उपयोग नसतो, तिला लोहाराकडेच न्यावे लागते.

आधुनिक खेळांच्या पडद्यावर दिसणारी ‘स्टॅमिना’ची पट्टीही अशीच एका शास्त्रीय कल्पनेची चुलत बहीण आहे. १९६५ साली मोनो आणि शेरेर या फ्रेंच संशोधकांनी दाखवले की, स्नायू एका ठरावीक शक्तीपर्यंत दीर्घकाळ काम करू शकतात. तिच्या वर गेले की मर्यादित साठा खर्च होऊ लागतो. धावताना रिकामी होणारी आणि थांबल्यावर भरणारी पट्टी म्हणजे तोच साठा. फरक इतकाच की खेळातली पट्टी बऱ्याचदा एकसारख्या वेगाने भरते. खऱ्या शरीरात सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर रेंगाळत.

संगणकावर खेळ आले तेव्हा सूत्रधाराची जागा प्रोग्रामने घेतली आणि एक अडचण उघडी पडली. माणूस सूत्रधार असेल, तर प्रत्येक खोलीनंतर झोपायला निघालेल्या मंडळींकडे तो भुवई उंचावून पाहू शकतो. यंत्राला भुवई नसते. १९८० च्या सुमारास आलेल्या ‘रोग’ या खेळात एक कळ दाबत राहिले की पात्र जागीच थांबून बरे होई. त्याला आळा घालणारी गोष्ट होती भूक. अन्न संपत चालले की पुढे सरकावेच लागे. १९८१ च्या ‘विझर्ड्री’त धर्मशाळेत राहून जखमा भरून काढता येत, पण तेवढ्या मुदतीने पात्राचे वयही वाढे, तबेल्यात फुकट झोपले तर मंत्र परत मिळत, जखमा मात्र तशाच राहत. विश्रांतीला किंमत लावण्याचे हे दोन मार्ग आजतागायत पुरले आहेत. २०११ च्या ‘डार्क सोल्स’ने तिसरा शोधला: शेकोटीशी बसले की औषध भरते आणि मारलेले जवळपास सगळे शत्रूही पुन्हा उभे राहतात.

किंमत लावली नाही की काय होते, ते २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीच्या काळात टेबलाभोवतीच्या खेळाडूंनी अनुभवले. सगळे मोठे मंत्र पहिल्याच झटापटीत उधळायचे, दार बंद करून आठ तास झोपायचे आणि मग दुसरी खोली. याला ‘पंधरा मिनिटांचा साहसी दिवस’ असे उपरोधिक नाव पडले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने पाच मिनिटांची छोटी आणि सहा तासांची मोठी अशी विश्रांतीची विभागणी केली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने छोटी एक तासाची व मोठी आठ तासांची केली, आणि चोवीस तासांत एकाच मोठ्या विश्रांतीचा लाभ देऊ केला.

ऐच्छिकतेचा खरा प्रश्न याच आवृत्तीत धारदार होतो. तिच्या सूत्रधार-ग्रंथात दोन मोठ्या विश्रांतींच्या दरम्यान मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ झटापटींचा अंदाज धरलेला आहे. ‘वॉरलॉक’ जातीच्या पात्राला मधल्या बऱ्याच पातळ्यांवर दोनच मंत्र-संधी असतात, पण त्या छोट्या विश्रांतीनंतर परत मिळतात. ‘विझर्ड’कडे संधी पुष्कळ, त्या मुख्यतः मोठ्या विश्रांतीनंतरच भरतात. आता एखाद्या गटाने ‘विश्रांतीचे नियम कंटाळवाणे आहेत’ म्हणून दिवसाकाठी एकच झटापट ठेवली, तर विझर्ड आपला सारा दारूगोळा एकदम वापरू शकतो आणि वॉरलॉकच्या हाती दोन बार. नियम वगळल्याने सर्वांवरचा भार सारखा हलका झाला असे वाटते. वास्तविक एका खेळाडूचा वाटा दुसऱ्याच्या पदरात पडलेला असतो. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी हे कोणाला आधी कळते, हे सांगायला नको.

भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला लंबकाचे समीकरण लिहिताना घर्षण वगळतात. त्यात काही पाप नाही. आवर्तकाल उत्तम मिळतो. मात्र त्या समीकरणाला घड्याळाची किल्ली किती दिवसांनी द्यावी, हे विचारता येत नाही. पद वगळताना त्याच्यावर अवलंबून असलेले प्रश्नही वगळावे लागतात. पाचव्या आवृत्तीच्या ग्रंथातच याची जाण दिसते: त्यात छोटी विश्रांती आठ तासांची व मोठी सात दिवसांची असा कठोर पर्याय आहे, तसाच पाच मिनिटे व एक तास असा सुसाट पर्यायही. दोन्हींत नियम काढलेला नाही. कालमापनाची पट्टी तेवढी ताणली किंवा आखडली आहे. गुणोत्तरे बदलतात, पण रचना उभी राहते. विश्रांती ऐच्छिक करण्याचा हा सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणावा लागेल.

संगणकावरच्या खेळांत असाच प्रामाणिकपणा २०१० च्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’मध्ये आढळतो. त्यातील ‘हार्डकोर’ पद्धती सुरुवातीला निवडता येते आणि हवी तेव्हा बंदही करता येते, फक्त तिचे खास पदक आरंभापासून शेवटपर्यंत टिकणाऱ्यालाच मिळते. तहान, भूक आणि झोप तिच्यात सुटीसुटी येत नाहीत. त्यांच्याबरोबर काडतुसांना वजन येते, औषध क्षणात न लागता हळूहळू लागते. एकमेकांत गुंतलेली पदे एकाच कळीने चालू होतात आणि एकाच कळीने बंद. ‘स्कायरिम’साठी २०१७ साली आलेल्या ‘सर्व्हायव्हल’ पद्धतीनेही हाच धडा गिरवला. थंडी आणि थकवा आणताना तिने झटपट प्रवासाची सोय काढून घेतली, नाहीतर थंडीला अर्थच राहिला नसता.

सक्ती नसली की माणसे विश्रांती कमीच घेतात, याचे गमतीशीर उदाहरण २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ने पुरवले. त्यात मोठ्या विश्रांतीला शिध्याचे चाळीस एकक लागतात. शिधा सहसा मुबलक सापडतो. तरीही असंख्य खेळाडूंनी तो साठवून ठेवला आणि झोपणे लांबणीवर टाकले. सोबत्यांच्या कथेतील कित्येक प्रसंग रात्रीच्या तळावरच घडत असल्याने ते त्यांना दिसलेच नाहीत.

विरुद्ध बाजूही पोकळ नाही. २००३ साली ख्रिस्टीन मिसरँडिनो यांनी ल्युपससारख्या दीर्घ आजारातील थकवा समजावताना दिवसाची ताकद मूठभर चमच्यांत मोजली: अंघोळीला एक, स्वयंपाकाला एक, संपले की संपले. मंत्र-संधींची मोजणी यापेक्षा वेगळी नाही. ज्यांचा खरा दिवस असा चमच्या-चमच्याने सरतो, त्यांना संध्याकाळी कल्पित पात्राचाही तोच ताळेबंद मांडायला लावणे हा जाच ठरू शकतो. काहींना मात्र आपले जगणे नियमात उतरलेले पाहून दिलासाही वाटेल. हा निवाडा नियमपुस्तकाने करू नये.

यानंतर इतिहास एक वळण घेतो: थकवा पात्राकडून खेळाडूकडे सरकतो. २००४ साली बाजारात येण्यापूर्वी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची चाचणी चालू असताना रचनाकारांनी एक नियम घातला होता. बराच वेळ सलग खेळले की मिळणारे अनुभवगुण घटत. खेळाडू संतापले. ब्लिझार्ड कंपनीने आकडे तसेच ठेवून नावे बदलली. आधीच्या पूर्ण गुणांना ‘विश्रांत’ अवस्थेतील दोनशे टक्के म्हटले गेले आणि घटलेल्या गुणांना ‘सामान्य’ शंभर टक्के. तक्रारी ओसरल्या, आता लोक तो लाभ मानू लागले. अंतिम खेळात पात्र धर्मशाळेत ठेवून बाहेर पडले, तर दर आठ तासांना एका पातळीच्या पाच टक्के इतका लाभ साचतो आणि दीड पातळीवर थांबतो. म्हणजे दहा दिवस न खेळल्यावर घडा पूर्ण भरतो. वक्र तोच, शून्य कुठे मानायचे, एवढेच बदलले. संदर्भबिंदूच्या निवडीने भौतिक राशी बदलत नाहीत, माणसे मात्र बदलतात.

चीनने नावाची अशी मखलाशी केली नाही. २००७ साली तेथे अल्पवयीनांसाठी ‘थकवा-प्रतिबंधक’ व्यवस्था लागू झाली: पहिले तीन तास पूर्ण लाभ, पुढचे दोन तास निम्मा, पाच तासांनंतर शून्य. २०१९ मध्ये दैनंदिन मर्यादा दीड तासावर आली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्ट्यांच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढा एकच तास उरला. पहिल्या टप्प्यात निदान माज्जोरांच्या आलेखासारखा उतार तरी होता. शेवटच्या टप्प्यात उताराच्या जागी भिंत आली.

भारतात या प्रश्नाची मांडणी वेगळी झाली आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचार करणारा विशेष दवाखाना २०१४ पासून चालू आहे; जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात खेळाशी निगडित विकाराची नोंद २०२२ पासून अमलात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळांना प्रोत्साहनाची वाट मोकळी केली. त्याची मुख्य विभागणी पैशाच्या आधारे आहे, तासांच्या नव्हे. ज्या खेळांत पैसा लागत नाही पण रात्र जाते, त्यांच्यापुरते घड्याळ अजून रचनाकारांच्याच हाती आहे. आणि त्यांच्यापुढे लेक जिनीव्हाचा सहावा टर्न, न्यू व्हेगसची कळ आणि धर्मशाळेतला भरत जाणारा घडा हे तिन्ही नमुने उपलब्ध आहेत.